आपली मतं किती?

निवडणूक जवळ आली की पुण्यातल्या आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारा बहुधा आपलाच भाई असतो, मुंब्र्याचा नाहीतर औरंगाबादचा. "तुमच्या आटपाडीत आपली मतं किती?" मी म्हणतो, माझं एक आहे. तो हसतो. त्याला वाटतं मी टाळतोय.

मी टाळत नाही. या प्रश्नाने आमचं गेल्या तीस वर्षांत जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्याही पक्षाने केलं नसेल, असं माझं मत झालंय. ते कसं, हे सांगायला आधी आमचा मतदारसंघ सांगावा लागेल.

विधानसभेला आटपाडी नावाचा मतदारसंघ नाही. आम्ही खानापूर मतदारसंघात आहोत. अख्खा खानापूर तालुका, अख्खा आटपाडी तालुका आणि तासगावचं विसापूर मंडल, अशी त्याची आजची रचना. राजकारणाची पेठ विटा. १९९५ साली आटपाडीचे राजेंद्रअण्णा देशमुख अपक्ष निवडून आले. त्यानंतर आजतागायत आटपाडी तालुक्यातला एकही माणूस या जागेवरून आमदार झालेला नाही. १९९९ ला गार्डीचे अनिलभाऊ बाबर, २००४ आणि २००९ ला विट्याचे सदाशिवराव पाटील, २०१४ आणि २०१९ ला परत बाबर. ३१ जानेवारी २०२४ ला भाऊ गेले आणि त्याच वर्षी त्यांचे चिरंजीव सुहास बाबर निवडून आले. समोर कोण होतं? सदाशिवरावांचे चिरंजीव वैभव पाटील. मधल्या काळात भाऊ राष्ट्रवादीतून शिवसेनेत आणि तिथून शिंदेंच्या शिवसेनेत गेले. पाटील अपक्ष होते, काँग्रेसचे झाले, पुन्हा अपक्ष झाले. चिन्हं बदलली, आडनावं तीच राहिली. गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आमच्या भागातली माणसं मतदानाला गाड्या करून गावी येतात, ती चिन्ह बघून येत नाहीत, भाऊ की दादा एवढंच बघून येतात.

म्हणजे या मतदारसंघात आटपाडी तालुकाच एक अल्पसंख्याक समाज आहे. आमच्या चौकात बसणारा प्रत्येक माणूस, मग तो मराठा असो, धनगर असो की मुलाणी, एकच रडगाणं गातो: आपला आमदार नाही, म्हणून आपलं काही होत नाही. ऐकल्यासारखं वाटतंय का? फक्त 'आटपाडी' काढून 'मुसलमान' टाका.

आता गंमत बघा. ज्या आटपाडीला आपला आमदार नव्हता, तिला पाणी मिळालं. माझ्या लहानपणी आमच्याकडे टँकर हा ऋतू होता. आज माणगंगेच्या पात्रात कृष्णेचं पाणी उतरतं, डाळिंबाच्या बागा उभ्या आहेत. हे पाणी कऱ्हाडजवळच्या टेंभूवरून टप्प्याटप्प्याने उचलून आणलेलं आहे. श्रेय कुणाचं यावर आमच्याकडे अजून हाणामाऱ्या होऊ शकतात. भाऊंना लोक 'पाणीदार आमदार' म्हणायचे, ते उगीच नव्हे. १९९५ च्या विधानसभेत अपक्ष होते ४५, सांगली जिल्ह्यातूनही अपक्षांची फळीच गेली होती. युतीच्या सरकारला त्यांची गरज होती आणि पाण्याची मागणी रेटायला तो काळ बरा होता. १९९६ साली कृष्णा खोरे महामंडळ झालं. पण या सगळ्याच्या आधी, १९९३ मध्ये, क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत पाणी परिषद घेतली होती. अण्णा वाळव्याचे, म्हणजे कृष्णाकाठचे. त्यांना आटपाडीत मत मागायचं नव्हतं. मग परिषद वर्षामागून वर्षं होत राहिली. तेरा दुष्काळी तालुक्यांतून माणसं यायची, ठराव एकच: पाणी, आणि तेसुद्धा समन्यायी, भूमिहीनालाही वाटा असलेलं. डॉ. भारत पाटणकरांनी तो हिशोब कागदावर पक्का केला. त्यामुळे विट्यातून कुणीही निवडून येवो, त्याला आटपाडीत पाण्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येईना. मागणी आधी उभी राहिली, आमदार नंतर तिच्यामागे आले.

त्या परिषदांना आमचे अब्बा जायचे. मोहल्ल्यातले आणखी पाचसहा जण जायचे. ते तिथे मुसलमान म्हणून गेले नव्हते, कोरडवाहू शेतकरी म्हणून गेले होते. मात्र मतदानाच्या आदल्या रात्री तेच सगळे एका ओसरीवर बसायचे आणि एक चाचा सांगायचे, "यंदा आपलं ह्यांचं ठरलंय." कुणी ठरवलं, कशाच्या बदल्यात, हे विचारणं बेअदबी होती. पाण्याच्या सभेत ताठ बसणारी माणसं ओसरीवर खाली बघायची. आजही बघतात.

मी सॉफ्टवेअरवाला. मला ऐकीव आकडे पटत नाहीत. मतमोजणीनंतर निवडणूक अधिकारी नमुना २० प्रसिद्ध करतात. त्यात बूथनिहाय प्रत्येक उमेदवाराची मतं असतात. पूर्वी कागदी मतपत्रिका मिसळून मोजता यायच्या. यंत्रं आली तशी प्रत्येक बूथची मोजणी उघडी पडली. कुठल्या वस्तीने कुणाला मत दिलं हे कळू नये म्हणून बऱ्याच यंत्रांची मतं एकत्र मोजणारं 'टोटलायझर' आणा, असं निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं, विधी आयोगाने २०१५ मध्ये उचलून धरलं, केंद्र सरकारने नाकारलं. तर तो नमुना मी उतरवून घेतला. स्कॅन केलेली, वाकडी पानं. दोन रविवार गेले. आणि आमच्या बूथवर काय सापडलं? काहीच नाही. आमच्या बूथवर मुलाणी, तांबोळी, आतार, शिकलगार यांची घरं माळ्यांच्या, धनगरांच्या, मराठ्यांच्या, बौद्धांच्या घरांत मिसळलेली आहेत. कुणाचं मत कुठं गेलं हे त्या आकड्यांतून सांगता येत नाही. चाचांचा गठ्ठा खरोखर पोचला की नाही हे चाचांनाही माहीत नाही आणि उमेदवारालाही नाही. तरी प्रत्येक निवडणुकीत त्या न दिसणाऱ्या गठ्ठ्याचा भाव ठरतो. मोठ्या शहरात मोहल्ल्याचा मोहल्ला एका बूथवर असेल तर आणखी वाईट: तिथे गठ्ठा दिसतो, आणि दिसणाऱ्या गठ्ठ्यावर सूडही उगवता येतो.

"चाचांची पिढी अडाणी होती, आम्ही विचार करून मत देतो," असं तुम्ही म्हणाल. मीही २०१९ ला असंच म्हणत होतो. लोकसभेला वंचित आणि एमआयएमची आघाडी होती, सांगलीत वंचितचे उमेदवार होते आमच्याच तालुक्यातले गोपीचंद पडळकर. २०१४ ला त्यांनी आमच्याच मतदारसंघातून भाजपच्या चिन्हावर विधानसभा लढवली होती, हे आम्हाला माहीत होतं. तरी ग्रुपवर रात्र रात्र गणितं मांडली: धनगर अधिक दलित अधिक मुस्लिम. त्यांना तीन लाखांच्या घरात मतं पडली, ते तिसरे आले. त्याच वर्षी विधानसभेच्या आधी ते पुन्हा भाजपमध्ये गेले, आज जतचे भाजपचे आमदार आहेत. माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. त्यांनी आम्हाला कुठलाही शब्द दिला नव्हता, कारण आम्ही मागितलाच नव्हता. आम्ही फक्त बेरीज केली होती. ओसरीच्या जागी व्हॉट्सॲप आलं, एवढाच फरक.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के. २०१९ आणि २०२४, दोन्ही वेळा विधानसभेत २८८ पैकी मुस्लिम आमदार १०. ही लाज वाटावी अशी संख्या आहे आणि ती सगळ्या पक्षांची लाज आहे. आमच्या जिल्ह्यात मिरजेतून १९९९ आणि २००४ ला काँग्रेसचे हाफिजभाई धत्तुरे निवडून आले. पुढे पुनर्रचनेत २००९ पासून मिरज अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. त्या आरक्षणाबद्दल माझी कुरकुर नाही. पण एक खिडकी बंद झाली की हताश होऊन बसायचं, हे राजकारण नव्हे. आणि आटपाडीसारख्या शेकडो गावांत ती खिडकी कधी उघडणारच नाही. तिथल्या पोरांनी काय करायचं?

मागणी उभी करायची. कुठली, तर एक सांगतो. शब्बीर अन्सारींच्या मुस्लिम ओबीसी चळवळीमुळे आपल्यातल्या कितीतरी बिरादऱ्यांना ओबीसीच्या सवलतींचा रस्ता मोकळा झाला. पण दाखला काढायला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आपल्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात मास्तरांनी 'मुसलमान' एवढंच लिहून ठेवलंय. पोरगी सीईटीत चांगले मार्क काढते आणि या एका शब्दावर अडते. ग्रामपंचायतीच्या ओबीसी जागेला उभं राहायचं तरी हाच कागद लागतो. महसुली नोंदी, जुने जन्म-मृत्यूचे रजिस्टर, मुलाणकीच्या इनामाचे कागद धुंडाळून देणारी शिबिरं तालुक्यात लावा, ही मागणी एखाद्या आमदाराकडे करायला आपली मतं किती लागतात? यात कुणाचा धर्म आडवा येतो? जुन्या नोंदी शोधणं म्हणजे काय, हे कुणबी नोंदींच्या निमित्ताने प्रत्येक कार्यालय शिकलं आहे. म्हणजे काम होऊ शकतं. फक्त २०२४ ला दोन्ही चिरंजीवांपैकी कुणालाच आमच्या मोहल्ल्याने हा प्रश्न विचारला नाही. मीसुद्धा नाही, मी दुपारी मत टाकून संध्याकाळी पुण्याला निघालो होतो.

गेल्या ईदला गावी गेलो तेव्हा आम्ही चौघांनी एक वही केली. एका बाजूला मतदार यादीत चुकलेली किंवा गायब नावं, त्यांच्यासाठी नमुना ६ आणि ८ चे अर्ज. दुसऱ्या बाजूला दाखला अडकलेली घरं. दोन दिवसांत एकतीस घरं निघाली, त्यातली नऊ मुसलमानांची नव्हती. माळ्यांची आणि कुंभारांची पोरं आपणहून आली, त्यांचेही कागद अडकलेलेच होते. नावं घालायची की नाही यावर आमच्यात वाद झाला. घातली.

मग वही घेऊन चाचांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून शेवटचं पान काढलं, बोटाने ओळी मोजल्या आणि विचारलं, "बेटा, ह्यात आपली किती?" मी म्हटलं, चाचा, एकतीस. त्यांनी पुन्हा मोजायला घेतलं.