सहावी ते आठवीचे वाचन

तिसरीपर्यंतच्या मुलांना समजून वाचता यावे, यासाठी ‘निपुण भारत’ अभियान २०२१ मध्ये सुरू झाले. ते योग्यच. पण सहावी ते आठवीच्या वर्गांत अजून अडखळत वाचणाऱ्या मुलांचे काय? तिथे इतिहास, विज्ञान, गणितातली शाब्दिक उदाहरणे, सारे वाचूनच शिकायचे असते. लेखन तर अनेक ठिकाणी गाइडमधली उत्तरे वहीत उतरवण्यापुरते उरले आहे. निबंधसुद्धा पाठ केला जातो. मुलाने स्वतःच्या शब्दांत पाच ओळी लिहाव्यात, शिक्षकांनी त्यावर त्याच्याशी बोलावे, मग त्याने त्या पुन्हा लिहाव्यात. लिहिणे असेच येते. आणि वाचन? १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन तर वर्षातून एकदाच येतो. म्हणून शिक्षण विभागाने या वर्गांसाठी रोज वाचनाची एक तासिका राखून ठेवावी आणि शाळांनी ग्रंथालयाच्या कपाटांची कुलपे उघडावीत.