वय झालं म्हणे!

आईला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला, दोन मिनिटं पाहिला आणि म्हणाले, "कंबरेच्या मणक्यांचे सांधे झिजलेत. वय झालं आता. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, वजन आटोक्यात ठेवायचं."

आई माझ्याकडे बघून हसली. तिचं वजन ४२ किलो. आणि वाकू नको हे तिला कुणीतरी ३० हंगाम उशिरा सांगत होतं.

आम्ही बीडकडचे ऊसतोडे. दसरा झाला की संसार गाडीत भरायचा आणि उन्हाळा तोंडावर आला की परतायचं. आमच्यात नवराबायकोच्या जोडीला माणसं म्हणत नाहीत, 'कोयता' म्हणतात. आबा बुडख्याशी वाकून तोडायचे. आई पाचट काढायची, वाढ्यानं मोळी बांधायची. मग दोघंही तीस-पस्तीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. दिवसभरात किती खेपा झाल्या ते कुणी मोजत नव्हतं. मोजायचे ते टन.

डॉक्टरांनी सांगितलेली कारणं खोटी नाहीत. वय वाढलं की सांधे झिजतात. लठ्ठपणानं भार वाढतो. जुना मार लागलेला असेल, घराण्यात दुखणं असेल, तरी धोका वाढतो. पण त्या यादीत जड ओझं आणि पुन्हा पुन्हा वाकून पीळ देणंही आहेच. मग आमच्या बायांच्या वेळी त्याच ओळी गाळून का वाचतात?

कण्याचं गणित साधं आहे. दोन मणक्यांमध्ये पुढं गादी असते आणि मागं दोन लहान सांधे. गादी जाड आहे तोवर भार ती पेलते. ती चेपली, पातळ झाली की भार मागच्या सांध्यांवर सरकतो. सांध्यातली गुळगुळीत कूर्चा घासते, हाड वाढतं, कंबर धरते. सगळ्यात जास्त ताण कण्याच्या तळाच्या मणक्यांवर येतो. ताठ उभं राहिलं, मागं झुकलं की कळ येते. पुढं वाकलं की जरा बरं वाटतं. गाव म्हणतं, म्हातारी वाकली. ती वाकली नाही बाबांनो, ती कळ चुकवत चालतीय.

एका हंगामात आईला उठता येईना. मुकादम कोपीपुढं येऊन म्हणाला, "कंबर काय तुझी एकटीचीच दुखतीया का? खाडा पडला तर दंड भरावा लागंल." उचल घेतलेली. आई पदर खोचून उठली. दुखऱ्या सांध्याला विश्रांती द्यावी हे डॉक्टरही सांगतात, पण खाड्याचा दंड त्यांच्या चिठ्ठीत नसतो.

बायांचं तर आणखी एक आहे. बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या किती निघाल्या, याची चौकशी करायला २०१९ साली सरकारला समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली तर हाडं अकाली ठिसूळ होतात. म्हणजे पाळीचा खाडा टाळायला शरीर कापायचं, आणि पुढं हाडं खिळखिळी झाली की म्हणायचं, वय झालं!

आता कायद्याचं बघा. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ३४ होतं. कामगाराला इजा होईल इतकं जड ओझं उचलायला लावायचं नाही, असं ते सांगायचं. साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत ते लागू होतं. त्याच कारखान्याचा ऊस फाटकाबाहेर, फडात, ज्या डोक्यावरून चढायचा, त्या डोक्याला मात्र ते लागू नव्हतं. ऊस कारखान्याचा आणि कंबर आमची, असा हा वाटा.

काही जण म्हणतील, आमचे आजे-पणजे क्विंटलाची गोणी पाठीवर घ्यायचे, त्यांना काय झालं? काय झालं ते ओसरीवर बसून पाहिलंय आम्ही. काठी धरून उठणारे, रात्री कूस वळताना कण्हणारे. आम्ही त्याला म्हातारपण म्हणालो, कारण दुसरा शब्द कुणी दिला नाही.

मागणं मोठं नाही. मोळी हलकी करा. डोक्याऐवजी भरायला यंत्र द्या. दुखण्याच्या खाड्याचा दंड बंद करा. हंगामाआधी आणि नंतर कंबर तपासा, आणि झीज निघाली तर ती कामाची इजा म्हणून लिहा, भरपाई द्या.

आईचं वय झालं, मान्य. मुकादमाची बायकोही आईच्याच वयाची. ती परवा ताठ चालत आमच्या दारावरून गेली. एकीवरून सिद्ध काही होत नाही, हे मलाही कळतं. पण आईनं तिच्याकडं पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "तिनं मोळी नाय उचलली कधी."