वहीत न लिहिलेली पायरी



गेल्या हिवाळ्यात पुण्याहून नातीचा फोन आला. ती तेथे संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करते आणि दोन मैत्रिणींसह खोली घेऊन राहते. दिवाळीत दारव्ह्याहून परत जाताना माझ्या सासूबाईंची पाककृतींची वही तिने हौसेने सोबत नेली होती. "आजी, आज पणजीच्या वहीतली कढी केली. अगदी तुझ्यासारखी झाली!" मला आनंद झाला. सहज विचारले, "ताक आधी तापवलंस ना?" पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ती म्हणाली, "असं वहीत कुठं लिहिलंय?"

मी तिला ते पान वाचून दाखवायला सांगितले. ताक, डाळीचे पीठ, सुंठ, जिरे, मेथ्या, कढीपत्ता, गूळ, मीठ अंदाजाने, उकळी आणावी. एवढेच होते. तिने वहीत होते तसेच केले होते. थंड ताकात बेसन कालवले आणि भांडे चुलीवर ठेवले. चव बिघडली नाही, बिघडण्याचे कारणही नव्हते. परंतु आमच्या घरात ती कढी कोणी ताटात घेतली नसती.

तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ज्या धान्याच्या दाण्याची दोन दले होतात त्या हरभरा, तूर, मूग, उडीद आदींचा कच्च्या गोरसाशी संयोग झाला की त्यात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते, असे आपल्या आचार्यांनी सांगितले आहे. हाच द्विदलाचा दोष. म्हणून आमच्याकडे ताक आधी बोट भाजेल इतके तापवतात आणि नंतरच त्यात पाण्यात कालवलेले बेसन घालतात. काही घरांत तापवलेले ताकही डाळीच्या पिठासोबत घेत नाहीत. इतर ठिकाणी बेसन आधी घालतात त्यालाही कारण आहे. नुसते ताक तापवले तर ते फाटते. पीठ मिसळलेले असले की फाटत नाही. मग आपल्या बायकांनी काय करावे? सासूबाई ताकाला अर्धा चमचा तांदळाची पिठी लावत, कारण तांदूळ द्विदल नव्हे. विस्तव मंद ठेवत, डाव थांबू देत नसत आणि मीठ शेवटी घालत. त्यांची कढी कधी फाटलेली मला आठवत नाही.

ही सारी युक्ती वहीत नव्हती. सासूबाईंना ती लिहावीशी वाटली नाही, कारण त्या स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकीला ती ठाऊकच होती. ज्याचा विसर पडेल असे वाटले, ते सामान त्यांनी टिपून ठेवले. ज्याचा विसर पडणे अशक्यच वाटले, ते सोडून दिले. परिणाम असा झाला की कोणत्याही घरातल्या वहीत सापडेल ते आमच्या वहीत उरले आणि आमच्या घराचे म्हणून जे होते तेच निसटले.

पाककृती लिहून ठेवण्याचे वावडे आपल्या समाजाला कधीच नव्हते. तिसरा मंगरस या कन्नड जैन कवीने इ. स. १५०८ च्या सुमारास 'सूपशास्त्र' हा पाकशास्त्रावरील ग्रंथ पद्यात रचला. मराठीत १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने नवख्या मुलींना घरापासून दूरही स्वयंपाक करता येऊ लागला. परंतु सर्वांसाठी लिहिलेल्या पुस्तकात साहित्य आणि कृती असे दोनच स्तंभ असतात. आपल्या स्वयंपाकाला तिसरा स्तंभ लागतो. पदार्थ कोणत्या दिवशी चालतो, किती काळ चालतो, कोणत्या पदार्थाबरोबर चालत नाही आणि का, हे त्यात यावे लागते.

नातीने हे ऐकले आणि म्हणाली, "आजी, मग आपण वही संगणकावर लिहू. मला जसं काम करायची सवय आहे तशी." प्रथम मला ते खेळ वाटले. पुढे तिने समजावले तेव्हा पटले. संगणकाला आपले म्हणून काहीच ठाऊक नसते. 'नेहमीसारखे', 'अंदाजाने', 'बेताचे' हे शब्द त्याला कळत नाहीत. त्याला सांगितलेले तेवढेच तो करतो आणि सांगितलेल्या क्रमानेच करतो. घरात नवी सून आली, तिला आपल्या चालीरीतींचा गंधही नाही आणि ती न रागावता प्रत्येक पायरीला "मग पुढे?" असे विचारते, अशी कल्पना करावी. अशा सुनेला शिकवताना आपल्यालाच आपले घर नव्याने कळते.

तिने प्रत्येक पदार्थासाठी साध्या मजकुराची एक लहानशी फाईल केली. कढीची फाईल अशी आहे:

नाव: कढी
कोणाची: पणजीची, दारव्हा
गोरस: ताजे गोड ताक ४ वाट्या
द्विदल: बेसन २ चमचे, अर्धी वाटी पाण्यात कालवलेले
इतर: तांदळाची पिठी अर्धा चमचा, सुंठ, जिरे, मेथ्या, गूळ, मीठ
हिरवे: कढीपत्ता, सांभार
क्रम: १. ताकाला पिठी लावणे. २. ढवळत ताक बोट भाजेल इतके तापवणे. ३. मगच बेसन घालणे. ४. उकळी आल्यावर मीठ, गूळ व फोडणी.
मर्यादा: त्याच दिवशी, सूर्यास्तापूर्वी
कारण: द्विदल

याच्या जोडीला तिने काही ओळींचा प्रोग्राम लिहिला. तो या फाईली वाचतो आणि नियम लावून पाहतो. गोरस आणि द्विदल दोन्ही असतील आणि क्रमात 'तापवणे' ही पायरी बेसनाच्या आधी नसेल, तर 'क्रम तपासा' अशी सूचना देतो. अष्टमी किंवा चतुर्दशी असेल तर 'हिरवे' या ओळीतले घटक गाळून उरलेली कृती दाखवतो. चातुर्मासात पालेभाज्यांचे पदार्थ यादीतून बाजूला ठेवतो. तिथी संगणकाला गणिताने काढता येते. पण उदयतिथी धरायची की कसे, यात पंचांगापंचांगांत फरक पडतो. म्हणून मंदिराच्या दिनदर्शिकेतल्या तारखा तिने हातानेच भरल्या.

मला सर्वांत आवडली ती एक गोष्ट अशी की तिने नियम पाककृतींपासून वेगळे ठेवले आहेत. पिठाची मर्यादा पाहा. आमच्या दिगंबर घरात ती पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस धरतात. माझी धाकटी जाऊ श्वेतांबर घरातली. तिच्या माहेरी मिठाईचा काळ पावसाळ्यात १५, उन्हाळ्यात २० आणि हिवाळ्यात ३० दिवस मोजतात. लाडू तोच, परंपरा दोन. लाडवाच्या फाईलमध्ये काही बदलावे लागत नाही. ज्या घराने जी परंपरा धरली, तिचे आकडे नियमांच्या फाईलमध्ये घालायचे. कोणाचे बरोबर, हा वाद स्वयंपाकघरात घालण्याचे कारण उरत नाही. सूर्यास्ताचेही तसेच. आपल्या यवतमाळकडे नोव्हेंबरअखेर सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि जूनअखेर सातच्या सुमारास. लंडनला राहणाऱ्या घरात डिसेंबरात चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. 'संध्याकाळी सहाला जेवावे' असे लिहून चालणार नाही. 'सूर्यास्तापूर्वी' लिहावे आणि गावाप्रमाणे वेळ काढावी.

लिहिताना तीन अडचणी आल्या; त्या प्रत्येक घरात येतील.

पहिली मापाची. मला 'मूठभर' कळते, वाटी कळत नाही. नातीने त्यावर सोपा उपाय केला. पिठाचा डबा वजनकाट्यावर ठेवून आकडा टिपला, मला नेहमीप्रमाणे पीठ घेऊ दिले आणि डबा पुन्हा तोलला. जो फरक आला ते माझे माप. हात अडखळला नाही आणि अंदाजाचा ग्रॅम झाला. घरातल्या वडीलधाऱ्यांना माप विचारू नये. त्या सांगतात एक आणि हात घेतो दुसरे.

दुसरी शब्दांची. आमच्या वहीत सांभारवडी आहे, गोळाभात आहे, आळण आहे, हिवाळ्यातल्या तुरीच्या सोल्यांची आमटी आहे. नातीच्या मैत्रिणीने 'सांभारवडी' वाचून इडलीबरोबरचे सांबार आठवले. आपल्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्यात कोणी सांगावे? शब्द बदलू नयेत असे आम्ही ठरवले. वऱ्हाडी शब्द तसाच ठेवला आणि शेजारी अर्थ दिला. पदार्थाबरोबर त्याचे नावही जपायचे असते.

तिसरी अक्षरांची. काही वर्षांपूर्वी घरातल्या एका तरुणाने वहीतली काही पाने टंकून ठेवली होती. तो फॉन्ट नव्या संगणकावर नव्हता आणि पडद्यावर सारी निरर्थक चिन्हे उमटली. मराठीत काहीही टिकवून ठेवायचे असेल तर युनिकोडमध्येच टंकावे. त्यात प्रत्येक अक्षराला सर्वत्र मान्य असा ठरलेला क्रमांक असतो, एखाद्या फॉन्टवर अवलंबून राहावे लागत नाही. मजकूर साधा ठेवावा, एका प्रतीवर विसंबू नये आणि वर्षातून एकदा कागदावर छापूनही ठेवावे.

नाती-सुनांनी पुढे यात बदल केले तर मूळ हरवेल, अशी मला भीती होती. संगणकाचे लोक त्यासाठी 'गिट' नावाची व्यवस्था वापरतात. लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी ती २००५ साली निर्माण केली. कोणी, कधी, काय बदलले याची नोंद तीत राहते आणि जुना पाठ केव्हाही पाहता येतो. हे ऐकताना मला आपल्या हस्तलिखितांची आठवण झाली. शेजारच्या कारंजा लाड येथील शास्त्रभांडारांत जुन्या पोथ्या आहेत. अशा पोथ्यांच्या अखेरीस प्रशस्ती असते. कोणी लिहून घेतले, कोणी लिहिले, कोणत्या संवतात, हे तीत नोंदलेले असते. शास्त्राची प्रत करवून देणे हे आपल्याकडे दान मानले गेले.

आगमाची आणि कढीची तुलना करण्याचा अविनय मी करणार नाही. परंतु विसराची भीती आपल्या परंपरेने कशी ओळखली, हे आठवावेसे वाटते. गिरनारच्या गुहेत आचार्य धरसेनांना वाटले की आपल्यानंतर हे श्रुत लुप्त होईल. त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना ते शिकवले आणि षट्खंडागम ग्रंथारूढ झाला. त्याची पूर्ती झाली तो दिवस आपण ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी म्हणून पाळतो. श्वेतांबर परंपरेत वीर निर्वाणानंतर ९८० वर्षांनी वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी आगम लिहवून घेतले. लिहिल्यानंतरही काम संपले नाही. धवला टीकेची ताडपत्रे मूडबिद्रीत होती. भाविक त्यांचे दर्शन घेत, वाचन मात्र होत नसे. तो ग्रंथ डॉ. हीरालाल जैन यांनी आपल्या शेजारच्या अमरावतीतून प्रकाशात आणला. पहिला भाग १९३९ साली निघाला. ज्ञान घरात असणे वेगळे आणि ते वाचता येणे वेगळे. आमची वहीदेखील घरात होतीच.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. नियम संगणकाला देता येतात, विवेक देता येत नाही. पाणी गाळताना हात हळू का ठेवावा, भाजी निवडताना अळी दिसली तर ती अलगद कोठे सोडावी, हे प्रोग्रामने सांगितले म्हणून होत नाही. म्हणूनच मी प्रत्येक फाईलमध्ये 'कारण' ही ओळ आग्रहाने घालायला लावली. कारण न कळता पाळलेला नियम दूरच्या शहरात पहिल्याच अडचणीला गळून पडतो. कारण कळलेली मुलगी स्वतःहून मार्ग काढते. नातीने दुसऱ्या खेपेस ताक आधी तापवले. पहिल्यांदा ते फाटले, तेव्हा तिने चिडून फोन केला. पिठीची युक्ती तेव्हाच फाईलमध्ये आली.

वहीतले बेचाळीस पदार्थ होते. चातुर्मासापर्यंत एक्केचाळीस लिहून झाले. उरलेल्या एका पानावर सासूबाईंच्या अक्षरात 'सातूचे लाडू' असे शीर्षक आहे, खाली सामानाची यादी आहे आणि कृतीच्या जागी एकच शब्द आहे: 'नेहमीप्रमाणे'. ते लाडू मी लग्नानंतर पहिली काही वर्षे खाल्ले. करायला कधी बसले नाही, कारण त्या करीत असत. माझ्या नणंदेला विचारले, थोरल्या जावेला विचारले. कोणालाच सांगता आले नाही. नातीने ती फाईल पुसली नाही. 'कोणाची' या ओळीत पणजीचे नाव आहे, 'क्रम' ही ओळ कोरी आहे.

या पर्युषणात आपल्या घरातल्या सर्वांत वृद्ध बाईंजवळ एक दिवस बसावे आणि एकच पदार्थ करायला लावावा. सामान विचारू नये. ते वहीत असतेच. "आधी काय?" एवढे विचारावे आणि त्या जे सांगतील ते लिहून घ्यावे.