दहा वर्षं बघायला नको!

एप्रिल संपत आला की आमच्या ऑफिसात एक ठरावीक चर्चा सुरू होते. ज्याचं ज्याचं कोकणात घर आहे तो तो चहाच्या मशीनपाशी उभा राहून विचारतो, "अरे, गावच्या छपरावर फार शेवाळ धरतंय. सील करून घेऊ का? एकदाच काय तो खर्च, मग दहा वर्षं बघायला नको." गेल्या आठवड्यात हे वाक्य तिसऱ्यांदा ऐकलं आणि ठरवलं, या विकांताला यावर एकदाचं लिहून टाकायचं. दर वेळी तेच तेच बोलून घसा कोरडा करण्यापेक्षा हे बरं.

तर मंडळी, आधीच सांगून टाकतो. कौलांवर शेवाळ येतं म्हणून त्यांच्यावर सीलर मारणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. हे मी पूर्ण अधिकारवाणीने बोलतोय, कारण तो मूर्खपणा मी स्वतः केलेला आहे. ८१,००० रुपये मोजून.

आमचं घर लांज्याजवळ. जांभ्याच्या भिंती, पुढे पडवी, वर मंगलोरी कौलं, मागे एक अवाढव्य फणस. घरात काका-काकू दोघंच. आम्ही चुलत भावंडं पुणे, ठाणे, बंगळूर आणि एक जण थेट न्यू जर्सी अशी विखुरलेली. मे महिन्यात चार दिवस जायचं, आंबे खायचे, फोटो काढायचे आणि परत यायचं. (हो, मीही त्यातलाच.)

२०१८ च्या मे महिन्यात माझ्या लक्षात आलं की मागच्या बाजूचा पाखा काळाकुट्ट पडलाय. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. तासाभरात सगळ्यांना घराबद्दल प्रचंड जिव्हाळा वाटायला लागला. कोणीतरी एका काँट्रॅक्टरचा नंबर दिला. तो आला, लेसर मीटरने मोजमाप केलं, १८०० चौरस फूट, ४५ रुपये फूट. चकचकीत लाल रंगाचं ॲक्रिलिक कोटिंग, "शेवाळ नाही, गळती नाही, दहा वर्षं बघायला नको." आम्ही ऑनलाइन पैसे गोळा केले. काका एकदाच म्हणाले, "अरे, कौलांना रंग कशाला? दर वर्षी मी झाडून घेतोच की." आम्ही म्हटलं, काका, तुमचं वय झालं, आता वर चढू नका. आम्हाला वाटलं आपण केवढे समंजस आहोत!

आता जरा शेवाळाबद्दल. शेवाळाला जगायला लागतं काय? पाणी, उजेड आणि चिमूटभर धूळ. त्याला मुळं नसतात. ते कौल खात नाही. त्याचे बीजाणू हवेत असतातच, त्यामुळे आज खरवडून काढलं तरी उद्या पुन्हा येऊन बसतात. म्हणजे "शेवाळ कुठून आलं" हा प्रश्नच चुकीचा आहे. खरा प्रश्न, "इथे ओल इतके दिवस का टिकते?"

आमच्याकडे शेवाळ फक्त उत्तरेच्या पाख्यावर होतं. दक्षिणेचा पाखा जवळजवळ स्वच्छ. दोन्हींवर पाऊस तेवढाच पडतो, कौलं एकाच भट्टीतली. फरक उन्हाचा. जूनमध्ये सूर्य आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर असतो, पण ढगांआड. ऑक्टोबरनंतर लख्ख ऊन पडतं तेव्हा तो दक्षिणेकडे कललेला असतो. उत्तरेच्या पाख्याला ऊन तिरकं आणि थोडंच मिळतं, आणि आमच्या बाबतीत तेवढंही फणसाने अडवलेलं. वर फणसाचा पाचोळा. पाचोळ्याखाली ओल, ओलीवर शेवाळ, शेवाळात आणखी ओल, मग त्यावर मॉस. इन्फिनिट लूप! आणि आम्ही काय केलं? लूप तोडला नाही, वरून रंग दिला.

मंगलोरी कौल म्हणजे भाजलेली माती. सच्छिद्र असते. पावसात ती पाणी पिते, पाऊस थांबला की वाऱ्यावर सुकते, वरच्या बाजूनेही आणि खालच्याही. तिच्यावर प्लास्टिकची फिल्म चढवली की वरची वाट बंद. पण पाणी काही फक्त वरूनच येत नाही. एकावर एक बसलेल्या कौलांच्या फटीतून ते वर ओढलं जातं, तुटक्या कडेतून शिरतं, स्वयंपाकघरातली वाफ खालून येते. आत आलेलं पाणी वर जायला निघालं की फिल्म आडवी येते. मग फिल्मला फोड येतात, पापुद्रे सुटतात. पाण्याबरोबर आलेले क्षार फिल्मच्या खाली साठतात आणि कौलाचा वरचा थर भुसभुशीत करतात. काका नंतर म्हणाले, "छपराला रेनकोट घातलात तुम्ही. आतून घाम येणारच." सात शब्दांत सगळं फिजिक्स!

बरं, शेवाळ तरी थांबलं का? अजिबात नाही. फिल्मवर धूळ बसते, पाचोळा पडतो, सावली तीच. दुसऱ्या पावसाळ्यात चकचकीत लाल रंगावर हिरवा थर आला. शेवाळ प्लास्टिकच्या बादलीवर येतं, पाण्याच्या टाकीवर येतं, ते ॲक्रिलिकवर का येणार नाही? एवढी साधी गोष्ट आम्हा पाच उच्चशिक्षित लोकांच्या डोक्यात आली नाही.

इथवर नुसते पैसे गेले असते तर मी ही पोस्ट लिहिली नसती. पुढचं ऐका.

मंगलोरी कौलाची सगळ्यात मोठी खुबी कोणती? बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला या कौलांचा कारखाना काढला आणि पुढे पश्चिम किनारा या कौलांनी भरून गेला, कारण खाचेत खाच बसते आणि प्रत्येक कौल सुटं राहतं. एक फुटलं तर एक बदला. काका तर छपरावर चढायचेसुद्धा नाहीत, माळ्यावर उभं राहून खालूनच फुटकं कौल सरकवून काढायचे आणि नवीन बसवायचे. दहा मिनिटांचं काम. प्रोग्रामिंगमध्ये ज्याला आपण मॉड्युलर म्हणून मिरवतो ते हेच.

आमच्या कोटिंगने सगळी कौलं एकमेकांना चिकटवून टाकली होती.

ऑगस्ट २०१९. वानरांनी मागच्या पाख्यावर उड्या मारून एक कौल फोडलं. (कोकणात हे काही नवीन नाही.) माजघरात धार लागली. काकांनी माळ्यावरून कौल ढकलून बघितलं, हलेना. जोर लावला तर शेजारचंही तडकलं. मग पावसाची उघडीप बघून ते शिडी लावून वर गेले. गुळगुळीत ॲक्रिलिक, त्यावर ओलं शेवाळ. उघड्या कौलावर पायाला थोडी तरी पकड मिळते, इथे काहीच नाही. पागोळ्या पडतात तिथे, परसात ते खाली आले. डावं मनगट आणि दोन बरगड्या. वय ६६.

मी पुण्यात मीटिंगमध्ये होतो. काकूंचे तीन मिस्ड कॉल.

त्या रात्री बसने जाताना मी पहिल्यांदा वॉरंटीचा कागद नीट वाचला. फोनमध्ये पीडीएफ होती, वर्षभर उघडलीच नव्हती. कलम सहा: ग्राहकाने दर वर्षी पावसाळ्यापूर्वी छप्पर स्वच्छ करून शेवाळ व पाचोळा काढणे बंधनकारक आहे, अन्यथा वॉरंटी रद्द.

परत वाचा. "दहा वर्षं बघायला नको" यासाठी आम्ही ८१,००० दिले, आणि त्याची अट काय, तर दर वर्षी बघा! जे काम काका फुकट करत होते, ते न करण्यासाठी आम्ही पैसे भरले आणि बदल्यात तेच काम करायची लेखी जबाबदारी घेतली. काँट्रॅक्टरला शिव्या घालायची फार इच्छा झाली, पण त्याने कागदावर सगळं छापलं होतं. लबाडी असलीच तर अर्धी त्याची. अर्धी आमची, कारण आम्हाला सीलर नकोच होता. आम्हाला मे महिन्यात अपराधी न वाटता आंबे खायचे होते. सीलर त्यासाठी विकत घेतला होता.

आता येणाऱ्या आक्षेपांना उत्तरं देतो.

"मग सगळेच सीलर वाईट का?" नाही. सिलेन-सिलोक्सेन जातीचे द्रव फिल्म करत नाहीत, छिद्रांच्या आतल्या भिंतींना पाणी चिकटू देत नाहीत आणि वाफेला वाट ठेवतात. त्यांनी कौलं चिकटत नाहीत. शेवाळाचा वेग कमी होतो. पण वर पाचोळा आणि सावली असेल तर थांबत नाही, आणि काही वर्षांनी पुन्हा मारावेच लागतात. म्हणजे पुन्हा मेंटेनन्स आलाच.

"आमच्या पुण्याच्या सोसायटीच्या गच्चीचं काय?" ती गोष्ट वेगळी. सिमेंटचा सपाट स्लॅब गळत असेल तर आतली सळई गंजते, तिथे वॉटरप्रूफिंग हवंच. पण ते गळतीसाठी. शेवाळासाठी नव्हे! गच्चीवर शेवाळ येतं कारण उतार बिघडलाय किंवा पाण्याचं तोंड पानांनी तुंबलंय. आधी पाणी वाहतं करा, मग कोटिंगचं कोटेशन मागवा. साचलेल्या पाण्याखाली सगळ्यात महाग कोटिंगसुद्धा हिरवं होतं.

"परदेशी वेबसाइट तर म्हणतात, सील केलं नाही तर कौलं फुटतात." म्हणतात. कारण तिथे कौलात मुरलेल्या पाण्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि कौल तडकतं. लांज्यात बर्फ फक्त रसवंतीगृहात मिळतो :-)

"औषध मारणं म्हणजे विष नाही का?" आहेच, म्हणून बेताने. ब्लीचिंग पावडरने शेवाळ झटक्यात पांढरं पडतं, पण ते पाणी झाडांना जाळतं आणि पत्र्याची पन्हाळ गंजवतं. आणि कृपा करून ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. मोरचुदातलं तांबं शेवाळाला मारतं (सुपारीवरच्या कोळेरोगाला आपले बागायतदार मोरचूद आणि चुन्याचं एक टक्का बोर्डो मिश्रण मारतात, ते याच तांब्याच्या जोरावर), पण तांबं माशांनाही मारतं, तेव्हा छपराचं पाणी तळ्यात किंवा विहिरीत जात असेल तर विसरा. प्रेशर वॉशर तर मुळीच नको, तो कौलाची पाठ सोलतो आणि पाणी फटीतून आत मारतो.

आम्ही आता काय करतो ते सांगतो. २०२१ च्या जानेवारीत उत्तरेच्या पाख्यावरची सगळी कौलं बदलली. फिल्म खरवडून निघत नव्हती, कौलं फेकावी लागली. फणसाच्या छपरावर आलेल्या फांद्या उतरवल्या. तेवढ्यानेच निम्मं काम झालं. दर वर्षी एप्रिलमध्ये, कौलं कोरडी ठणठणीत असताना, गावातले दोन जण दोन दिवस येतात. पाचोळा झाडतात, काथ्याच्या ब्रशने सुकलेलं शेवाळ घासतात, फुटकी कौलं बदलतात. मग फक्त उत्तरेच्या पाख्यावर, पन्हाळ सोडवून आणि खालची झाडं झाकून, बेंझाल्कोनियम क्लोराइडचं पातळ द्रावण फवारणीच्या पंपाने मारतात. ते धुवायचं नाही, ऊन बघून तसंच वाळू द्यायचं. मजुरी आणि औषध मिळून वर्षाला साधारण ४,७०० रुपये. दहा वर्षांचे ४७,०००. मजुरी वाढली तरी ८१,००० च्या आतच राहील, आणि यात कोणाची बरगडी धरलेली नाही.

शेवाळ येतं का? येतं. सप्टेंबरपर्यंत हिरवी झाक दिसते, एप्रिलमध्ये जाते. ज्या मुलखात वर्षाला तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो, तिथल्या छपराने चार महिने थोडं हिरवं दिसलं तर बिघडलं कुठे? ते छप्पर आहे, शोरूम नाही.

शेवटचा आक्षेप माझ्या न्यू जर्सीच्या भावाचा, आणि तो मला खोडता येत नाही. तो म्हणाला, "हे सगळं ठीक, पण काका आहेत तोवर. पुढे कोण बघणार?" खरंय. आपल्या धंद्यात ज्या प्रोजेक्टला मेंटेनर उरत नाही त्याचं काय होतं ते आपण सगळे जाणतो, आणि त्यावर कुठलंही कोटिंग नाही. म्हणून मी एवढंच केलंय की एप्रिलमधले ते दोन दिवस आता माझ्या रजेच्या अर्जात असतात. मी वर चढत नाही. खालून कौलं देतो, नवीन कौल खाचेत कसं बसवायचं ते माळ्यावर उभं राहून शिकतो. यंदा सात बसवली. काका खुर्ची टाकून खालून सूचना देत होते. डावं मनगट अजून पूर्ण वळत नाही, पण बोट दाखवायला उजवा हात पुरतो.

सातवं कौल बसल्यावर म्हणाले, "जमतंय. पण उलटं धरलं होतंस."

असो. काँट्रॅक्टरला होकार कळवायच्या आधी कलम सहा वाचा.