पाणी असेल तर पाखरू

पहाटेचे साडेचार वाजलेले. बाहेर बोचरी थंडी. अशा वेळी, तेही सुटीच्या दिवशी, दहा-बारा वर्षांच्या मुलाला अंथरुणातून उठवणे म्हणजे आईवडिलांची कसोटीच! पण अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, स्टटगार्ट या लहानशा गावी नोव्हेंबरच्या अखेरीस उलटाच प्रकार दिसतो. मुलेच आधी उठून बसलेली असतात. आजोबा थर्मासमध्ये कॉफी भरतात, वडील गाडीत सामान चढवतात आणि घरचा लॅब्रॅडोर कुत्रा दाराशी अधीर होऊन शेपटी आपटत असतो. बदकांच्या शिकारीचा हंगाम सुरू झालेला असतो.

याच सुमारास थँक्सगिव्हिंगचा सण येतो. आपल्याकडे दिवाळीला जशी सगळी भावंडे घरी जमतात, तशी तिकडे या सणाला जमतात. त्यामुळे काका, आतेभाऊ, शेजारी, वडिलांचे शाळेतले मित्र असा मोठाच गोतावळा पाणथळीकडे निघतो.

भाताचे गाव, बदकांचे गाव

स्टटगार्टचा परिसर भातशेतीचा. कापणीनंतर शेतात दाणे सांडलेले असतात. अनेक शेतकरी हिवाळ्यात शेतात मुद्दाम पाणी साठवतात. शिवाय आसपासच्या ओकच्या जंगलांतही या दिवसांत पाणी भरते आणि झाडांची फळे त्यात गळून पडतात. कॅनडातून आणि उत्तरेकडच्या माळरानांतून थंडीला कंटाळून निघालेली बदके मिसिसिपी नदीच्या खोऱ्याने दक्षिणेला येतात, तेव्हा हे ताट त्यांच्यासाठी वाढलेलेच असते! त्यांत सर्वांत लाडके मॅलार्ड. नराचे डोके हिरवेगार चमकते, मादी मात्र साधी, तपकिरी.

अंधारातच मंडळी गुडघाभर, कधी कमरेएवढ्या पाण्यात उतरतात. अंगात पायांपासून छातीपर्यंत येणारा जलरोधक पोशाख. पाण्यावर बनावट बदके तरंगत सोडायची आणि झाडाला टेकून, गुपचूप उभे राहायचे. खरी बदके वरून गेली की आजोबा गळ्यात अडकवलेली खास शिट्टी फुंकतात. तिच्यातून हुबेहूब बदकाचा आवाज निघतो. मुलांचे काम एकच, पायाने पाणी ढवळत राहायचे. लाटा उठल्या की वरच्या थव्याला वाटते, खाली आपलेच भाऊबंद चरत आहेत!

ही शिट्टी वाजवणे म्हणजे तिथली एक कलाच आहे. तिची जागतिक स्पर्धा १९३६ सालापासून स्टटगार्टला भरते. पहिल्या वर्षी स्पर्धक होते १७ आणि बक्षीस होते एक शिकारी कोट. किंमत ६ डॉलर ६० सेंट!

नियमांची शाळा

सगळे सज्ज असले तरी घड्याळाकडे पाहावे लागते. सूर्योदयाला अर्धा तास उरेपर्यंत बंदूक उडवायची नाही, असा कायदा आहे. सूर्यास्तानंतरही नाही. बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसे. शिशाच्या छऱ्यांना देशभर बंदी, ती १९९१ सालापासून. कारण पाण्याच्या तळाशी पडलेले छरे गिळून पाखरे विषबाधेने मरत. दिवसाला एका माणसाला सहाच बदके. त्यांत मॅलार्ड चारच आणि त्यांतही माद्या दोनपेक्षा जास्त नाहीत. म्हणजे उडते पाखरू नर की मादी, कोणत्या जातीचे, हे क्षणात ओळखता आले पाहिजे. ओळख पटली नाही तर हात आवरायचा. मारलेले बदक विकता येत नाही. ते खायचे, नाहीतर कुणाला द्यायचे.

लहान मुलांसाठी हंगामात दोन दिवस राखून ठेवलेले असतात. त्या दिवशी मोठ्यांनी सोबत जायचे, शिकवायचे. पण स्वतः बदके मारायची नाहीत. आजोबांची बंदूक घरी आणि नातवंडांची परीक्षा! बंदुकीचे तोंड कुठे असावे, कुणाच्या दिशेने कधीच नसावे, हा पहिला धडा.

एखाद्या बदकाच्या पायात ॲल्युमिनियमचे कडे सापडले तर त्या दिवशी घरात आनंदीआनंद. कड्यावरचा क्रमांक सरकारी पक्षी-नोंदणी कार्यालयाला कळवला की ते पाखरू कुठे व केव्हा कडे घालून सोडले होते, याचे उत्तर येते. मग मुले नकाशा उघडून बसतात. केवढा प्रवास केला याने! भूगोलाचा असा तास कोणत्या शाळेत मिळेल?

संध्याकाळी स्वयंपाकघरात बदकाचा गंबो शिजतो. तेलात पीठ मंद आचेवर खरपूस भाजायचे, त्यात कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी परतायची, मग मांस व रस्सा. हा गंबो वाढतात तो गरम भातावर. दिवसभराच्या गप्पा पानावरच रंगतात. कुणाचा नेम चुकला, कोण पाण्यात घसरून पडले!

तिकीट एका डॉलरचे

हे सारे नियम सुखासुखी आलेले नाहीत. एके काळी धंदेवाईक शिकारी बदके मारून शहरांतल्या हॉटेलांना विकत. १९१८च्या कायद्याने तो व्यापार बंद झाला. पुढे १९३० नंतरच्या दशकात मोठा दुष्काळ पडला. उत्तरेकडची ज्या तळ्यांकाठी बदके अंडी घालतात, ती तळीच आटली. तेव्हा सर्वांच्या लक्षात आले की नुसता बंदुकीला लगाम घालून भागणार नाही. पाणीच नसेल तर पाखरू येणार कुठून?

त्या वेळी सरकारच्या वन्यजीव खात्याची सूत्रे एका व्यंगचित्रकाराच्या हाती होती! जे. एन. 'डिंग' डार्लिंग हे त्यांचे नाव. १९३४ साली कायदा झाला की पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्या प्रत्येक प्रौढाने दरवर्षी एक खास तिकीट विकत घ्यायचे. पहिल्या तिकिटावरचे पाण्यात उतरणाऱ्या मॅलार्डच्या जोडीचे चित्र स्वतः डार्लिंग यांनीच काढले. किंमत एक डॉलर. पहिल्याच वर्षी ६ लाख ३५ हजार तिकिटे खपली. आज तेच तिकीट २५ डॉलरला आहे. त्यातल्या प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जमिनी घेण्यासाठी व राखण्यासाठी जातात. या पैशातून आजवर सुमारे ६० लाख एकर जमीन वाचली आहे. बंदूक कधी हातात न धरलेले पक्षीप्रेमीही हे तिकीट हौसेने घेतात.

याचे फळ दिसले. २०१९ सालच्या एका मोठ्या अभ्यासात आढळले की १९७० पासून उत्तर अमेरिकेतले जवळजवळ ३ अब्ज पक्षी कमी झाले. पण बदके-हंसांची संख्या मात्र त्याच काळात वाढली होती. तरीही निर्धास्त राहण्याची सोय नाही. गेल्या काही वर्षांत तळी कोरडी पडू लागली, तशी बदकेही पुन्हा घटू लागल्याचे २०२५ च्या अहवालात नोंदले गेले आहे.

आपल्याकडे काय?

जीव घेण्यात कसला आला आनंद, असे आपल्यापैकी अनेकांना वाटेल. ते चूक नाही. आपणही तो अतिरेक पाहिलेला आहे. राजस्थानात भरतपूरच्या घना पाणथळीत १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी शिकार झाली. ३९ बंदुका आणि एका दिवसात ४,२७३ पाखरे! तो आकडा अभिमानाने दगडावर कोरलेला आहे आणि आजही उद्यानात वाचता येतो. दिवसाला सहा कुठे आणि हे कुठे!

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांमुळे आपल्याकडे शिकारीचा शौक संपला. भरतपूर १९८५ साली जागतिक वारसास्थळ झाले. बंदूक थांबली, हे चांगलेच झाले. पण पाण्याचे काय? गावोगावची तळी गाळाने, सांडपाण्याने आणि भरावाने मरत आहेत. तळे बुजले की बंदुकीची गरजच उरत नाही. पाखरे आपोआप नाहीशी होतात.

हिवाळ्यातली मौज लुटायला बंदूक लागतेच असेही नाही. नाशिक जिल्ह्यात निफाडजवळ गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूरमधमेश्वर आहे. २०२० साली जाहीर झालेले महाराष्ट्रातले हे पहिले रामसर स्थळ. थंडीत तिथे चक्रवाक, थापट्या, तलवार बदक अशी पाहुणेमंडळी उतरतात. शालीत गुरफटलेल्या आजीआजोबांसह, चहाचा थर्मास आणि एक दुर्बीण घेऊन उजाडण्यापूर्वी तिथे पोहोचावे. मुलांना थंडीत गप्प उभे राहायला शिकवावे. नर कोणता, मादी कोणती, यावर पैजा लावाव्यात.

आणि घरी परतल्यावर आपल्याच गावच्या तळ्याकडेही एक फेरी मारावी. त्यात कचरा टाकणाऱ्याचा हात धरणारे कुणी आहे का, ते पाहावे. नसेल, तर सुरुवात आपल्या घरापासून करता येईल. एका डॉलरचे तिकीट हीसुद्धा तशी लहानच सुरुवात होती.