अंधुक पिसांचा पाठ

कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीने निघाले की टिटवाळ्यानंतर खडवली येते. भातसेच्या पाण्यात डुंबायला आलेली मंडळी परतीच्या गाडीची वेळ पाहू लागतात, तेव्हा काठावरच्या झुडपांत पर्णवटवट्यांची दिवसाअखेरची लगबग चाललेली असते. चिमणीहून लहान, हिरवट-करडा, एका पानावर दोन क्षण न टिकणारा हा हिवाळी पाहुणा टिपायचा, आणि तोही मावळतीला, असा आमचा जुना हट्ट आहे.

हट्टाचे गणित सोपे व निर्दय आहे. आयएसओ ८०० ठेवला तर शटर १/६० सेकंदावर येऊन ठेपते. तेवढ्या अवधीत पक्ष्याची मान वळते आणि डोळ्याच्या जागी रेघ उमटते. आयएसओ ६४०० केला तर शटर १/५०० पर्यंत चढते, पण साऱ्या चित्रावर रवाळ दाणे पसरतात. निजायला निघालेल्या जिवाला प्रकाशझोताने दिपवणे आम्हांला मान्य नाही, आणि त्याविषयी वाद घालण्याचीही इच्छा नाही. वाद आहे तो दाण्यांविषयी.

अलीकडच्या संगणकप्रणाली हे दाणे क्षणात पुसतात. जुन्या प्रणाली शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढून चित्र मऊ करीत. नव्या प्रणाली असंख्य छायाचित्रांवर शिकलेल्या असतात, आणि जिथे पीस दिसत नाही तिथे ते कसे असावे हे ठरवून रेखाटतात. आमच्या एका चित्रात अशीच पंखावर फिकट आडवी पट्टी उगवली. मुळात तिथे नुसता चिखल होता. सामान्य पाहणाऱ्याला त्याचे काय? पण पर्णवटवट्यांच्या काही जाती वेगळ्या ओळखायच्या तर त्या पट्टीचाच आधार घ्यावा लागतो. प्रणालीने चित्र स्वच्छ केले, की पक्ष्याची जात बदलली?

साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रश्न परका वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९६६ साली पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती उघडून पाहावी. ज्या पाठाविषयी संपादकांची पुरती खात्री नाही, त्याच्याखाली नागमोडी रेघ आहे. विष्णु सीताराम सुकथनकरांसारख्या पंडिताला ती जागा निःशंक, सुरेख संस्कृताने भरता आली नसती असे कोण म्हणेल? त्यांनी रेघ ओढली.

छायाचित्रकार मित्र विचारतात, प्रदर्शनात दाणेदार चित्र कोण लावणार? आक्षेप रास्त आहे. शिवाय प्रक्रिया न झालेले छायाचित्र नसतेच. कृष्णधवल चित्र तर सगळे रंगच टाकून देते. पण टाकणे आणि घालणे यांत आम्ही भेद करतो. भिंतीसाठी ज्याने त्याने हवे ते करावे. पक्ष्याची नोंद म्हणून चित्र द्यायचे असेल, तर मूळ प्रत सोबत असावी आणि प्रणाली वापरली असल्यास तसे चित्राखालीच लिहावे.

त्या सायंकाळचे दाणेदार चित्र आम्ही तसेच ठेवले आहे. खाली लिहिले आहे : पर्णवटवट्या, जात अनिश्चित, खडवली.