सम्राटाचे सोने आणि घंटेचे तांबे

आपल्यापैकी ज्यांना जुनी युरोपीय नाणी जमवण्याचा छंद आहे, त्यांच्याशी मला थोडे भांडायचे आहे. नेपोलियनची सोन्याची वा चांदीची मुद्रा ते मखमलीवर मांडतात. त्याच काळातील झिजलेले तांब्याचे नाणे मात्र भंगारात काढतात, नाहीतर चिंच लावून घासतात. छंद ज्याचा त्याचा, असे म्हणून हा विषय सोडता आला असता. परंतु ख्रिस्ती माणसाने तरी तो तसा सोडू नये.

त्या तांब्यात काय आहे? १७९१ पासून फ्रान्सच्या क्रांतिकारी राजवटीने चर्चच्या घंटा उतरवून वितळवल्या, त्यांत तांबे मिसळले आणि त्याची किरकोळ नाणी पाडली. नेपोलियनच्या अमदानीतही ती हातोहात फिरत होती. १७३९ साली वसईचा पाडाव झाला, तेव्हा आपल्या चर्चच्या घंटाही गेल्या. परंतु त्या मंदिरांत वाजत तरी राहिल्या. फ्रान्सच्या त्या घंटा कायमच्या मुक्या झाल्या. त्यांचा उरलेला अंश हातात असताना त्याला भंगार म्हणणे ही अरसिकता नव्हे, कृतघ्नता आहे.

आता रोमचे पाहा. फेब्रुवारी १७९७ मध्ये तोलेंतिनोच्या तहाने नेपोलियनने पोप सहावे पायस यांच्यावर जबर खंडणी लादली. त्याच वर्षी पोपसत्तेने पाच बायोक्कींचे तांब्याचे नाणे काढले. त्यावर पवित्र मरियेचे मुख होते, म्हणून त्याला ‘मादोन्नीना’ म्हणतात. दर्शनी किंमत मोठी, धातूचे मोल थोडे! अशा हलक्या चलनाची झळ गरिबाच्या भाकरीला लागते. या नाण्यात ख्रिस्तसभेवर झालेला अन्याय आहे, तसेच तिच्या राज्यकर्त्यांचे वैगुण्यही आहे. दोन्ही पाहण्याचे धैर्य आपल्यात हवे.

सहावे पायस १७९९ साली वालांस येथे कैदेतच निवर्तले. सातव्या पायस यांनाही १८०९ साली पकडून नेण्यात आले. ते बंदिवासात असताना, १८१२-१३ मध्ये, खुद्द रोमच्या टांकसाळीत नेपोलियनच्या मुखाची नाणी पडत होती. त्यांवरील मुकुटाखालचे ‘आर’ हे अक्षर रोमची खूण होय. जो संग्राहक सम्राटाच्या नाकाडोळ्यांचे कौतुक करतो आणि ते अक्षर पाहत नाही, त्याने नाणे पाहिलेच नाही.

‘चकाकणाऱ्या नाण्याला भाव येतो’ असे कोणी म्हणेल. तेही खरे नाही. घासलेल्या नाण्याची किंमत जाणकार कमीच करतात. आणि भावच पाहायचा असेल, तर सराफाचे दुकान पुरे, संग्रह कशाला?

मंदिराच्या दानपेटीत धनिकांच्या राशी पडत असताना प्रभूची दृष्टी एका विधवेच्या दोन क्षुल्लक नाण्यांवर गेली. आपली दृष्टी मात्र कैसराच्या सोन्यावरच खिळली आहे. पेटीतील ते काळवंडलेले तांबे बाहेर काढा, घासू नका. मुलांच्या तळहातावर ठेवा आणि ही एकेकाळी घंटा होती, एवढे तरी त्यांना सांगा.